जुनं साउंड कार्ड तडतडतंय? बदलण्याआधी हे तपासा

गाणं लावलं की मधेच तडतड, व्हिडिओ पाहताना मागे सतत खरखर, आणि कार्ड दहा-पंधरा वर्षांचं. अशा वेळी बहुतेक जण लगेच ठरवून टाकतात की कार्ड गेलं. कधी ते खरंही असतं. पण फाइलमधला आवाज कानापर्यंत येताना ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम), स्लॉट (कार्ड बसवायची खाच), कार्डावरचे कॅपॅसिटर (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या), जॅक, केबल आणि स्पीकरचा नॉब अशी बरीच ठिकाणं पार करून येतो. यातलं काहीही बिघडलं तरी आपल्याला ऐकू येतं ते जवळपास सारखंच. म्हणून तपासणी बाहेरून सुरू करून आत न्या, बिनखर्चाचे उपाय आधी करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज थांबला, तर दोष कशात होता ते कळत नाही. महिन्याभराने तो परत आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

हाताशी काय हवं

- चांगला हेडफोन, जो दुसऱ्या उपकरणावर स्वच्छ वाजतो याची खात्री आहे
- मोबाइल किंवा दुसरं कुठलंही बॅटरीवर चालणारं उपकरण
- दोन्ही टोकांना ३.५ मिमी पिन असलेली केबल
- लिनक्स टाकलेला पेनड्राइव्ह (लाइव्ह यूएसबी)
- स्टार स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, मऊ ब्रश
- किमान ९० टक्के, शक्यतो ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड
- मल्टिमीटर
- सोल्डरिंग आयर्न (हे अगदी शेवटी, आणि तेही लागलंच तर)

१. आधी नुसतं ऐका

इथे घाई करू नका. अर्धं निदान कानानेच होतं, आणि आवाजांसाठी मराठीत जितके शब्द आहेत ते सगळे इथे कामाला येतात.

तडतड म्हणजे सुटे, अनियमित ठोके. डाउनलोड सुरू केलं, मोठी फाइल कॉपी केली किंवा नवी विंडो उघडली की ते वाढत असतील, तर संशय ड्रायव्हर आणि सिस्टिमवर घ्या. कार्डाला पुढचा डेटा वेळेवर मिळत नाही आणि त्या रिकाम्या क्षणी आवाजाची लाट मधेच तुटते. आपल्याला ऐकू येतो तो त्या तुटण्याचा आवाज.

खरखर म्हणजे सलग, घासल्यासारखा आवाज. पिन हलवली की तो बदलत असेल तर दोष संपर्कात आहे. पिन हलवून फरक पडत नाही, पण मशीन गार असताना खरखर जास्त आणि दहा-पंधरा मिनिटांनी कमी होते, असं असेल तर कॅपॅसिटर सुकत आल्याचं ते ठळक लक्षण आहे. उलट, सुरुवातीला स्वच्छ आणि मशीन तापल्यावर खरखर, असं असेल तर तडा गेलेला सोल्डर-जोड (भाग कार्डाला जोडणारा वितळवलेल्या धातूचा जोड) शोधा.

माउस हलवला किंवा पान वरखाली केलं की किरकिर येत असेल तर ग्राफिक्स कार्ड किंवा मदरबोर्डचा विद्युत गोंगाट आवाजाच्या वाटेत शिरतो आहे. जाड, एकसुरी घूंऽऽ असेल तर ते अर्थिंगचं प्रकरण आहे. फक्त मोठ्या सुरांवर आवाज फाटत असेल तर पातळी मर्यादेबाहेर गेली आहे. आणि मशीन सुरू किंवा बंद करताना येणारा एकच ‘धप्’ हा दोषच नाही. कॅपॅसिटर भरताना आणि रिकामे होताना तो येतोच.

एक गोष्ट मुद्दाम तपासा: आवाज दोन्ही बाजूंना येतो की एकाच? सॉफ्टवेअरची तडतड जवळपास नेहमी दोन्ही चॅनेलना एकाच क्षणी होते. फक्त डावीकडे किंवा फक्त उजवीकडे येत असेल तर ड्रायव्हर बदलण्यात संध्याकाळ घालवू नका, सरळ जॅक आणि केबलकडे वळा.

ऐकण्यासाठी गाणं वापरू नका, कारण गाण्यात दोष लपतो. ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये ४४० हर्ट्झचा साधा साइन सूर निम्म्या पातळीवर तयार करा आणि पाच मिनिटं वाजवा. त्या सपाट सुरात बारीकशी टिकसुद्धा लपत नाही.

२. स्पीकर आणि केबल वगळा

तेच स्पीकर, तीच केबल मोबाइलला जोडा. खरखर तिथेही आली तर कार्ड निर्दोष आहे. मग स्पीकर बाजूला काढा आणि हेडफोन थेट कार्डाच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकवर ही चाचणी घेऊ नका. तिथपर्यंत जाणारी वायर कॅबिनेटच्या आतून, पंखे आणि पॉवर केबलच्या शेजारून जाते आणि बऱ्याचदा तिला नीट शील्डिंग नसतं. मागे स्वच्छ आणि पुढे खरखर असं निघालं तर दोष त्या वायरीचा.

स्पीकरचा नॉब फिरवतानाच खर्र होत असेल तर त्यातल्या पोटेन्शिओमीटरवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावर) धूळ आणि ऑक्साइड साचलं आहे. वीज बंद करून आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. गंज सोडवायला वापरतात ते तेलकट स्प्रे इथे मारू नका. तेल आत राहतं आणि धूळ आणखी धरतं.

नॉब साफ करूनही खर्र जात नसेल तर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा आणि काही वाजत नसताना कार्डाच्या आउटपुटवर मोजा. केबलचं एक टोक जॅकमध्ये घाला आणि दुसऱ्या टोकाच्या पिनवर टेकवून मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. सतत ५० किंवा अधिक दिसत असतील तर कार्डाचा आउटपुट कॅपॅसिटर डीसी गळू देतो आहे आणि तीच गळती नॉबवर खर्र करून ऐकू येते आहे. अशा वेळी स्पीकर निर्दोष आणि कार्ड दोषी.

३. सॉफ्टवेअर की हार्डवेअर, हे अर्ध्या तासात ठरवा

लाइव्ह यूएसबीवरून लिनक्स सुरू करा (इन्स्टॉल करायचं नाही) आणि तोच साइन सूर वाजवा. जुन्या कार्डांना लिनक्समध्ये चांगला आधार आहे. साउंड ब्लास्टर लाइव्ह आणि ऑडिजी या कार्डांचे ड्रायव्हर त्यात आधीपासून असतात, एक्स-फायचाही असतो. तिथे आवाज स्वच्छ आला तर कार्ड, स्लॉट, जॅक सगळं ठीक आहे, दोष तुमच्या सिस्टिममध्ये आहे. पायरी ४ करा आणि स्क्रूड्रायव्हर परत ठेवून द्या. तिथेही तडतड असेल तर पायरी ५ वर जा.

४. विंडोजमध्ये काय बघायचं

आधी साधी कारणं. साउंड सेटिंगमध्ये तुमच्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सगळ्या ‘एन्हान्समेंट’ बंद करा. इक्वलायझरमध्ये बेस किंवा ट्रेबल वर ओढला असेल तर तेवढंच प्रीअँप (एकूण पातळी) खाली आणा. बेस ६ डेसिबल वाढवला आणि प्रीअँप शून्यावर ठेवलं की मोठ्या सुरांचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो. मिक्सरमध्ये माइक, लाइन-इन, ऑक्स आणि सीडी ऑडिओ हे न वापरलेले इनपुट म्यूट करा. उघडे राहिलेले इनपुट कॅबिनेटमधला गोंगाट गोळा करून आउटपुटमध्ये ओततात. किरकिरीची तक्रार पुष्कळदा इथेच मिटते.

मग ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमधला डिफॉल्ट फॉरमॅट. १९९८ साली आलेल्या साउंड ब्लास्टर लाइव्हची चिप आतून ४८ किलोहर्ट्झवरच चालते. इतर दराने आलेला आवाज तिला आधी बदलून घ्यावा लागतो. अशा कार्डाला १६ बिट, ४८००० हर्ट्झ द्या. १९२ किलोहर्ट्झसारखा मोठा आकडा निवडून जुन्या कार्डाचा आवाज सुधारत नाही, काम मात्र वाढतं.

आता ड्रायव्हर. विंडोज व्हिस्टापासून (२००७) डायरेक्टसाउंडचं (विंडोजच्या आवाज-व्यवस्थेचं) हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे आवाजाचं काम थेट कार्डाकडून करून घेण्याची सोय, काढून टाकण्यात आलं. त्याआधीच्या काळासाठी बनलेली कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर त्यानंतर मूळ आखणीप्रमाणे चालू शकले नाहीत. त्यामुळे ड्रायव्हर नव्याने टाकताना एकावर एक टाकू नका. जुना पूर्ण काढा, मशीन रिस्टार्ट करा, मग कार्ड बनवणाऱ्याने तुमच्या विंडोजसाठी दिलेला शेवटचा ड्रायव्हर टाका. तो मिळत नसेल तर विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरून बघा. त्यात सुविधा कमी असतात, पण पुष्कळदा तडतडही कमी होते. अनोळखी ठिकाणचं ‘ड्रायव्हर अपडेटर’ मात्र टाकू नका. ड्रायव्हर सिस्टिमच्या गाभ्यात चालतो, तिथे कुणालाही येऊ द्यायचं नसतं.

इतकं करूनही तडतड राहिली तर लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम चालवा. साउंड कार्ड निर्दोष असताना दुसऱ्याच एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरलेला असतो, तो यात पकडला जातो. सूर वाजत ठेवून दहा मिनिटं मोजणी होऊ द्या, मग ‘ड्रायव्हर्स’ टॅबमध्ये सर्वांत जास्त वेळ घेणारं नाव बघा. ड्रायव्हरच्या अशा कामांनी एका वेळी १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये असं मायक्रोसॉफ्टचं मार्गदर्शन आहे. एखादं नाव हजार मायक्रोसेकंदांच्या, म्हणजे १ मिलिसेकंदाच्या, पुढे गेलेलं दिसलं तर चोर तिथे आहे. नेहमीचे संशयित म्हणजे वायफाय, नेटवर्क, ग्राफिक्स आणि पॉवर मॅनेजमेंट. डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय थोडा वेळ बंद करून बघा. तडतड थांबली तर वायफायचा ड्रायव्हर बदला, साउंड कार्डाला हात लावू नका.

पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’ करा आणि त्यातलं ‘पीसीआय एक्सप्रेस लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करा. वीज वाचवायला झोपलेली लिंक जागी व्हायला वेळ घेते, आणि तेवढ्यात आवाज तुटतो.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तडतड असेल तर बफर (पुढे वाजवायला आधीच साठवलेला आवाजाचा तुकडा) वाढवा. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम २.९ मिलिसेकंद. जुन्या मशीनला ते झेपत नाही. ५१२ सॅम्पलवर ११.६ मिलिसेकंद मिळतात. नुसतं ऐकायचं असेल तर १०२४ ठेवा, फरक जाणवणार नाही.

कायम लिनक्स वापरत असाल तर दोनच गोष्टी बघा. थोडा वेळ शांतता झाल्यावर पुढच्या आवाजाआधी ‘टप्’ येत असेल तर साउंड ड्रायव्हरचं पॉवर-सेव्ह शून्यावर ठेवा. सतत तडतड असेल तर पाइपवायर या लिनक्सच्या आवाज-व्यवस्थेचा क्वांटम (म्हणजे बफर) १०२४ पर्यंत वाढवा.

५. कॅबिनेट उघडा

मशीन बंद करा, पॉवर केबल काढा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे साठलेली वीज उतरेल. कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा. गालिच्यावर उभं राहून हे काम करू नका.

कार्डाचा स्क्रू काढून ते सरळ वर ओढा. खालच्या कडेवरचे सोनेरी पट्टे टॉर्चखाली तिरके धरून बघा. स्वच्छ पट्टा आरशासारखा चमकतो. मळलेल्यावर तपकिरी किंवा दुधी थर दिसतो, आणि कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलेलं नसेल तर घासल्याच्या रेघा अर्ध्यावरच थांबलेल्या दिसतात. कापड अल्कोहोलमध्ये ओलं करून पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसा, आडवं नाही. थर निघत नसेल तर मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि नंतर परत अल्कोहोलने पुसा, कारण खोडरबराचा भुगा स्लॉटमध्ये गेला तर नवा दोष तयार होतो. सँडपेपर वापरू नका. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो एकदा गेला की खालचा धातू उघडा पडतो.

परत बसवताना शक्य असेल तर स्लॉट बदला. ग्राफिक्स कार्डापासून जितकं लांब तितकं चांगलं. जुन्या पीसीआय मदरबोर्डांत याला आणखी एक कारण आहे: काही स्लॉट यूएसबी किंवा नेटवर्कबरोबर एकच इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारा इशारा) वाटून घेतात आणि रांगेत थांबावं लागलं की आवाज तुटतो. बायोसमध्ये ‘पीसीआय लेटन्सी टायमर’ असेल तर ३२ चं ६४ करून बघा, उपयोग झाला नाही तर परत ३२ करा. एखादं उपकरण बस (सगळ्या कार्डांची डेटाची सामाइक वाट) किती वेळ धरून ठेवू शकतं ते हा आकडा ठरवतो, त्यामुळे तो फार वाढवला तर दुसरंच कुणीतरी बस अडवून बसतं. पीसीआय एक्सप्रेस कार्डांना ही सेटिंग लागू नाही.

सीडी ड्राइव्हपासून कार्डापर्यंत जाणारी बारीक ऑडिओ वायर अजून जोडलेली असेल तर काढून टाका. आज तिचा उपयोग नाही, आणि ती अँटेनासारखी गोंगाट पकडते.

६. जॅक

वर्षानुवर्षं पिन आत-बाहेर केल्याचा ताण जॅकच्या सोल्डर-जोडांवर येतो. सूर चालू ठेवा, पिन अंगठा आणि तर्जनीत धरून हळूच गोल फिरवा. खरखर येऊन जात असेल तर आतल्या पत्र्यावर ऑक्साइड आहे. पिनला अल्कोहोल लावून ती दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, सुकू द्या, परत ऐका. गोल फिरवून काही होत नाही, पण पिन वर-खाली दाबली की एक बाजू जाते-येते, असं असेल तर सोल्डर तुटला आहे.

कार्ड काढून मागची बाजू टॉर्चखाली धरा. जॅकच्या प्रत्येक पायाभोवती सोल्डरची छोटी टेकडी असते. तुटलेल्या जोडावर त्या टेकडीत पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते. जॅक बोटाने हलवला की तो पाय त्या रेघेच्या आत किंचित हलतो. फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारा लेप) लावून, थोडा नवा सोल्डर देऊन हा जोड परत वितळवला की काम झालं. पाच मिनिटांची ही दुरुस्ती न कळल्यामुळे चांगली कार्डं टाकून दिली जातात, याचं वाईट वाटतं.

७. घूंऽऽ आणि पॉवर सप्लाय

घूं येत असेल तर स्पीकर कॉम्प्युटरपासून सोडवून बॅटरीवरच्या मोबाइलला जोडा. घूं गेली म्हणजे ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांमधून नको असलेला प्रवाह फिरतो आहे. कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. पॉवर पिनचं अर्थिंग काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याने घूं जाते, पण कॅबिनेटला वीज उतरली तर ती तुमच्या अंगातून जाईल.

पॉवर सप्लाय जुना असेल तर चालू मशीनवर चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरवर मोजा. पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असायला हवेत. आकडे बरोबर आले तरी सप्लाय पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण विजेवरची बारीक थरथर साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. जास्त खात्रीसाठी दुसऱ्या सप्लायवर मशीन चालवून बघा. पॉवर सप्लाय स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतला मोठा कॅपॅसिटर जीवघेणा चार्ज धरून असू शकतो.

८. कॅपॅसिटर

कार्डावरच्या छोट्या गोल डब्या म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. आतलं द्रव हळूहळू सुकतं. तापमान १० अंशांनी कमी झालं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, त्यामुळे तापणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला चिकटून असलेलं साउंड कार्ड लवकर थकतं. डबीचं डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल, बुडाशी तपकिरी चिकट डाग असेल, तर ती गेली. पण छोट्या डब्या फुगल्याशिवायही मरतात. मग लक्षण ऐकूनच ओळखायचं: गार असताना खरखर, बेस पातळ झालेला. आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि ३२ ओहमचा हेडफोन असेल तर साधारण ५० हर्ट्झच्या खालचा आवाज गळू लागतो. सुकून धारकता निम्मी झाली की ती सीमा १०० हर्ट्झवर चढते, आणि बेस गेल्यासारखा वाटतो.

बदलताना धारकता तीच घ्या. व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी जास्त, म्हणजे १० च्या जागी १६ चालेल. १०५ अंशांचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. व्यास आणि पायांमधलं अंतर आधी मोजा: ५ मिमी डबीला २ मिमी, ६.३ मिमीला २.५, ८ मिमीला ३.५. सगळीकडे सरसकट पॉलिमर कॅपॅसिटर (द्रवाऐवजी घन पदार्थाचा) टाकायचा मोह टाळा. काही व्होल्टेज रेग्युलेटर स्थिर राहायला कॅपॅसिटरमध्ये थोडा अंतर्गत रोध असावाच लागतो.

दिशा चुकली तर कॅपॅसिटर फुटतो, म्हणून काढण्याआधी कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. गोल ॲल्युमिनियम डबीवरचा पट्टा ऋण टोक दाखवतो. चौकोनी, पिवळ्या किंवा काळ्या टँटॅलमवरचा पट्टा मात्र धन टोक दाखवतो. नवशिके इथेच फसतात. बोर्डावर छापलेल्या खुणेवर एकट्या विसंबू नका, सगळे उत्पादक ती एकसारखी छापत नाहीत.

आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवा. शिसेयुक्त ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतो, शिसेविरहित २१७ च्या पुढे, त्यामुळे २००६ नंतरच्या बहुतेक कार्डांवर जोड हट्टी वाटेल. तिथे थोडा शिसेयुक्त सोल्डर मिसळला की तो सहज सुटतो. एका जागी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवून ठेवू नका, पॅड उखडून येतो. हात बसला नसेल तर आधी एखाद्या निकामी बोर्डावर दहा कॅपॅसिटर काढून-लावून सराव करा.

काम झाल्यावर कार्डाच्या लाइन-आउटमधून लाइन-इनमध्ये केबल जोडा, साइन सूर वाजवत तो रेकॉर्ड करा आणि लाट मोठी करून बघा. ज्या जागी टिक येते तिथे गुळगुळीत वळणाला दात पडलेला दिसतो. हेच रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी सकाळी, मशीन पूर्ण गार असताना परत करा. तेव्हाही लाट अखंड दिसली तर कॅबिनेटचं झाकण लावा.